घरातल्या आगगाडीला जागा

बोथ हे गाव आगगाडीचे नव्हे. आदिलाबाद जिल्ह्यातील हे जुने तालुक्याचे ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता त्याच्या पूर्वेकडून निघून जातो, आणि मुदखेडहून आदिलाबादला येणारा लोहमार्ग उत्तरेला किनवटवरून वळसा घेतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. त्यांच्याबरोबर खुद्द बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळही गेले. तो लोहमार्ग जातो तो याच इस्लापूर-किनवटच्या टापूतून. म्हणजे तालुक्याच्या अंगाला जो काही रूळ लागून होता, तोही नव्या सीमेपलीकडे राहिला. बोथ आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ नंतर तेलंगणात आले. २०१६ साली जिल्ह्याचे तुकडे होऊन निर्मळ वेगळा जिल्हा झाला, तरी बोथ आदिलाबादकडेच राहिले. एवढ्या सगळ्या वाटण्या झाल्या. पण बोथच्या वाट्याला स्टेशन काही आले नाही.

अशा गावातल्या एखाद्या घरात आगगाडी मांडण्याची हौस निघाली, तर तिच्याकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचे कारण नाही. मुदखेड-आदिलाबाद हा मार्ग मुळात मीटरगेजचा, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेला. या शतकाच्या पहिल्या दशकात तो उखडून रुंद रूळ घातले गेले. रुंद रुळांमुळे सोय झाली यात शंका नाही. तथापि त्या लहान गाड्या, त्यांचे आखूड फलाट, हाताने ओढायचे सांधे आणि सिग्नलचे हात, ही सारी मांडामांड एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. ज्यांनी ती वापरली, हाताळली, ते लोक आता वृद्ध झाले आहेत. त्या स्टेशनांची लांबी-रुंदी कोणी सांगावी, छपराचा उतार कोणता होता, पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकाला होती, हे त्यांनाच विचारता येते. आणि तेही फार वर्षे विचारता येणार नाही. प्रतिकृती करणाऱ्याला हे प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतरच नसते. कागदावर लिहिणारा मनुष्य टाकीची जागा गाळून पुढे जाऊ शकतो, पण लाकडात टाकी करणाऱ्याला ती कोठे तरी उभी करावीच लागते.

परंतु टाकी उभी करण्यापूर्वी फळी लागते, आणि फळीसाठी घरात जागा लागते. या छंदातील पहिली आणि शेवटचीही अडचण हीच आहे. पैसा हळूहळू साठविता येतो, कसब चुकत-माकत येते. जागा मात्र कोणाची तरी घ्यावी लागते.

वरवर पाहता लहान वस्तूला लहान जागा पुरावी असे वाटते. हिशेब केला म्हणजे भ्रम फिटतो. जगात सर्वाधिक प्रचार असलेले प्रमाण म्हणजे ‘एचओ’. त्यात प्रत्येक वस्तू मुळाच्या ८७ व्या हिश्श्याएवढी असते. मुदखेडपासून आदिलाबादपर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. ते ८७ ने भागले तरी पावणेदोन किलोमीटर उरते. तेव्हा सबंध मार्ग हा विचार सोडलेलाच बरा. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली संपूर्ण दिली, आणि चारी भिंतींना लागून एक फेरा रूळ घातला, तरी त्या रुळाची लांबी खऱ्या जगातल्या सव्वा किलोमीटराएवढीही भरत नाही. मीटरगेजचा प्रवासी डबा सुमारे साडेएकोणीस मीटर लांब असे. प्रतिकृतीत तो वीतभर होतो. आठ डबे आणि एक इंजिन जोडले की गाडी दोन मीटरांच्या वर जाते. म्हणजे ती उभी राहण्यास लागणारा फलाटच खोलीच्या एका भिंतीचा बहुतेक भाग खाऊन टाकतो. गाडी फलाटातून सुटली की तिचे तोंड पुढच्या स्टेशनात शिरलेले असते आणि शेपूट अजून मागल्या स्टेशनात असते!

याहून कठीण प्रकार वळणाचा. मुळात रूळ इतक्या सावकाश वळतात की ते प्रमाणशीर लहान केले तर एक वळण पुरे होण्यास मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे लागेल. म्हणून खेळण्याच्या कारखानदारांनी आरंभापासूनच वळणाच्या बाबतीत सत्याशी तडजोड केली. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरीव मापांचे रूळ आणि त्यांवरील गाड्या मांडल्या. तेव्हापासून ही तडजोड चालत आली आहे. एचओ प्रमाणात नेहमीच्या अगदी आखूड वळणाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर असते. एवढ्या वळणातून गाडी उलटी फिरवायची तर दोन्ही कडांची मोकळी जागा धरून फळी निदान तीन फूट रुंद हवी, चार फूट असली तर बरे. बाजारात मिळणारी आठ फूट बाय चार फूट प्लायवुडची फळी या छंदाची जणू एकक झाली आहे ती यामुळेच. आणि ती फळी घरात आणली की ती काय आहे हे घरातील प्रत्येकाला कळते: ती एका पलंगाहून मोठी आहे.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे प्रमाण आणखी लहान करणे. ‘एन’ नावाचे प्रमाण १९६० च्या सुमारास बाजारात आले. त्यात मूळ वस्तूचा १६० वा हिस्सा होतो, आणि रुळांतील अंतर अवघे ९ मिलिमीटर असते. १९७२ साली त्याहून लहान ‘झेड’ निघाले. त्यात २२० वा हिस्सा आणि रूळ साडेसहा मिलिमीटर. झेडची सबंध मांडणी चामड्याच्या बॅगेत भरून नेणारे शौकीन युरोपात आहेत. भारतीय हौशी माणसाला यात एक गंमत साधता येते. परदेशी कारखान्यांचे रूळ हे मुख्यतः त्यांच्याकडच्या चार फूट साडेआठ इंची मार्गांसाठी केलेले असतात. आपल्या रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर. ते एचओमध्ये १९ मिलिमीटरांवर जाते, आणि विकत मिळणारा रूळ साडेसोळाचा. तेव्हा रुंद मार्गाची भारतीय गाडी त्या रुळावर घातली की ती नेहमीच थोडी अरुंद पायांवर उभी राहते. मीटरगेजचे तसे नाही. एक मीटरला ८७ ने भागले की साडेअकरा मिलिमीटर येतात. १२ मिलिमीटरांचा रूळ तयार मिळतो. एक मीटरला १६० ने भागले की सव्वासहा येतात, आणि झेडचा रूळ साडेसहाचा. म्हणजे खऱ्या जगात ज्या मीटरगेजला कमी प्रतीचा म्हणून हटविले, तोच मीटरगेज मेजावर रुंद मार्गाहून अधिक खरा उतरतो. शिवाय मीटरगेजचे वळण मुळातच अधिक आखूड, गाड्या आखूड, स्टेशने लहान. किनवटकडचा मार्ग हा जणू गरिबाच्या घरात मावावा म्हणूनच आखला होता, असे एखाद्या हौशी माणसाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

श्रीमंताच्या घरी हा प्रश्न कसा सुटला, तेही पाहण्यासारखे आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील माधवराव महाराजांना आगगाडीचे विलक्षण वेड. जयविलास राजवाड्यात त्यांनी भोजनाच्या मेजावरच रूळ घातले आणि त्यांवरून चांदीची गाडी फिरविली. तिच्या डब्यांवर मद्याच्या सुरया आणि सिगारची पेटी. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, ठेवली की पुढे चाले. ती गाडी आजही राजवाड्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. आवारात दोन फुटी रुळांचा मार्ग निघाला तो निराळाच. त्याचीच पुढे वाढ होऊन ग्वाल्हेरची प्रसिद्ध लहान रेल्वे झाली. राजवाड्यातल्या या मेजाकडे पाहून हसू येते, परंतु त्यात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. महाराजांनी आपल्या गाडीला वेगळी खोली दिली नाही. घरात जे मेज होतेच, ज्यावर माणसे रोज जेवत होती, त्यावर तिला काम देऊन बसविले. गाडी वाढपी झाली आणि म्हणून तिला जागा मिळाली.

मध्यम स्थितीतल्या माणसाचे उदाहरण पुण्याचे आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छोट्या आगगाड्यांची मांडणी प्रथम लोकांना दाखविली ती प्रदर्शनांतून. प्रदर्शन म्हटले की मांडणी सोडणे, उचलणे, वाहून नेणे, पुन्हा जोडणे आले. ज्याने तारांचे शेकडो सांधे आणि नखाएवढी झाडे यांच्यासह असली फळी एकदा तरी टेम्पोत चढविली असेल, त्याला यातील यातना सांगावयास नकोत. दर वेळी काही तरी मोडते, आणि जे मोडत नाही ते सैल होते. अखेर त्यांनी कायमच्या जागेचा विचार केला, आणि १९९८ साली पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. एक सबंध लहान शहरच तेथे वसविले आहे. गाड्या आहेत, सिग्नल आहेत, मोटारी धावणारा रस्ता आहे, सर्कस आहे, आणि रात्र पडली की दिवेही लागतात. पाहणारे सभोवार बसतात आणि सर्व कारभार यंत्राच्या आज्ञेने चालतो. घरातल्या छंदाला शेवटी घराबाहेर पडून स्वतःचे घर करावे लागले. भाऊसाहेबांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी ते चालू ठेवले. पुण्याला जाणारी शाळांची मुले शनिवारवाड्याबरोबर तेथेही जातात. हा मार्ग उत्तम खरा, पण बोथच्या गृहस्थाला तो खुला नाही.

जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००१ साली उघडलेले प्रचंड छोटे जग, ज्याला लाखो लोक भेट देतात, तेही बंदरावरच्या जुन्या वखारींच्या इमारतींत आहे. एके काळी जेथे कॉफीची पोती आणि गालिचे ठेवीत, तेथे आता गाड्या धावतात. वखार रिकामी झाली म्हणून गाडीला जागा झाली.

बोथकडे नेमके उलटे आहे. तेथे घरच वखार होते. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, आणि भाव मनासारखा येईतो कापूस घरात साठवून ठेवण्याची रीत आहे. ओसरी भरते, मग बाजूची खोली भरते, कधी कधी माजघराची एक बाजूही भरते. माणसे उरल्या जागेत निजतात. अशा वेळी घरातील रिकामी खोली म्हणजे रिकामी नव्हेच. ती हंगामाची वाट पाहत असलेली खोली असते. ज्या गृहस्थाने मृगात ती रिकामी पाहिली आणि आठ फुटी फळी आत नेली, त्याला कार्तिकात ती बाहेर काढावी लागेल, हे न सांगताही समजण्यासारखे आहे.

आणि हा केवळ जागेचा प्रश्न नाही. छोट्या गाडीची मोटार बारा व्होल्टच्या वीजप्रवाहावर चालते. मनुष्याला त्या प्रवाहाचा धक्काही जाणवत नाही. तथापि तिच्या आतल्या कार्बनच्या तुकड्यांपाशी आणि चाक व रूळ यांच्या मध्ये बारीक ठिणग्या पडतात, आणि प्रवाह उतरविणारा ट्रान्सफॉर्मर तासनतास चालला की तापतो. कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. ते प्रथम गाडीच्या आसांना गुंडाळतात आणि तिला लंगडी करतात. हे निस्तरता येते. चिमट्याने तंतू ओढून काढणे एवढेच त्याचे औषध. परंतु सैल तारेचा सांधा, तापलेला ट्रान्सफॉर्मर आणि दहा-वीस क्विंटल सुटा कापूस ही तिन्ही एका छपराखाली असू नयेत. ज्या ढिगावर घराचे वर्षाचे कर्ज, लग्न आणि बियाणे अवलंबून आहे, त्याच्या शेजारी वीज खेळविण्याचा अधिकार कोणत्याही हौशीला नाही. कापूस घरात असेतो गाडी बंद, आणि तिचे विजेचे सामान भिंतीवरून काढून पेटीत, हा नियम कठोर असला तरी त्यात सवलत नको. भलताच बाऊ वाटत असेल त्यांनी अमेरिकेतील जॉन ॲलन यांची हकीकत ध्यानात घ्यावी. कॅलिफोर्नियात माँटेरे येथे आपल्या घराच्या तळघरात या गृहस्थांनी डोंगर, दऱ्या, पूल यांसह जी रेल्वे उभी केली होती, तिची छायाचित्रे पाहून दोन पिढ्या हा छंद शिकल्या. १९७३ च्या जानेवारीत ते निवर्तले, आणि पुरते पंधरा दिवसही लोटले नाहीत तोच त्या घराला आग लागून बहुतेक सारी रेल्वे जळून गेली. तेथे तर कापूसही नव्हता.

मग जागा कोठे? जमीन प्रथम वर्ज्य करावी. जमिनीवर मांडलेला रूळ दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी पाय पडतो आणि चौथ्या दिवशी केरसुणी. शिवाय धूळ जमिनीलगतच अधिक असते. माळ्याचा विचार पुष्कळांना सुचतो, कारण तेथे कोणी जात नाही. परंतु कोणी जात नाही त्याला कारण असते. आदिलाबादचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि पत्र्याखालची हवा त्याहूनही तापते. धातूचा दहा मीटर रूळ तीस अंशांनी अधिक तापला की सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. सांध्यांत तेवढी फट ठेवली नसेल तर तो मधोमध फणा काढतो. पावसाळ्यात उलट लाकूड फुगते, आणि उन्हात बसविलेली फट श्रावणात मिटते. त्यातून उंदीर आणि वाळवी. सागाचे लाकूड या मुलखात परके नाही, आणि वाळवीला व दमटपणाला त्याच्याइतके दाद न देणारे दुसरे नाही. चौकट सागाची केली तर प्लायवुडची फळी पातळ असली तरी चालते. जुन्या दाराची चौकट, मोडक्या बाजेची माची, असे काही तरी बहुतेक घरांत पडलेले असते.

राहता राहिली भिंत. जुन्या घराच्या भिंती जाड असतात, त्यांत खुंट्या, कोनाडे आणि फळ्या पूर्वीपासून आहेत. पितळेची भांडी जशी उंच फळीवर ओळीने लावतात, तशी एक फूट रुंदीची फळी भिंतीला लावून तिच्यावर गाडी नेली तर ती कोणाच्याच वाटेत येत नाही. येथे एक लक्षात ठेवावे लागते. मनुष्याचा हात अडीच फुटांपलीकडे सुखाने पोहोचत नाही, तेव्हा भिंतीला लागलेली फळी त्याहून रुंद करण्यात अर्थ नाही. मागच्या कडेला घसरलेला डबा काढण्यासाठी पुढचे सारे गाव आडवे करावे लागते. एक फुटात वळण बसत नाही, म्हणजे गाडी गोल फिरणार नाही. पुष्कळांना येथेच निराशा येते. वस्तुतः गोल फिरणारी गाडी पाहण्यात पाचव्या फेऱ्यानंतर फारसे काही उरत नाही. लहान मूलही तोवर उठून गेलेले असते.

त्याऐवजी त्या फळीवर मालधक्का करावा. इंग्लंडात ॲलन राइट यांनी मांडलेली एक योजना या बाबतीत प्रसिद्ध आहे. दोन सांधे, तीन आखूड रूळ. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, बाकीच्या दोहोंवर तीन-तीन. एकंदर वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढून त्यांपैकी पाच निवडावयाच्या, आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या जोडून गाडी तयार करावयाची. इंजिन पुढे जाते, मागे येते, एक वाघीण येथे सोडते, दोन तेथे ढकलते. वरवर हे सोपे दिसते, पण आठांतून पाच क्रमाने निवडण्याच्या रीती ६,७२० होतात. रोज एक डाव टाकला तरी अठरा वर्षे पुरेल. आणि हे सारे पाच-सहा फूट लांबीच्या, एक फूट रुंदीच्या फळीवर! यार्डात शंटिंग करणारा मनुष्य दिवसभर काय करीत असे, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा या खेळाने अधिक चांगले समजते. किनवटची बाजू जंगलाची आहे. वाघिणींवर सागाचे ओंडके आणि बांबूच्या मोळ्या लादाव्यात. ओंडक्यांसाठी परसातल्या तुरीच्या काड्या उत्तम.

इमारतींसाठीही फार लांब जावयास नको. बोथपासून दक्षिणेला निर्मळ आहे, आणि निर्मळची लाकडी खेळणी सर्वत्र माहीत आहेत. ती पोणिकी नावाच्या झाडाच्या हलक्या, मऊ लाकडाची करतात. चाकूने ते हवे तसे कापते, रंग चांगला धरते, आणि वजन इतके थोडे की भिंतीवरच्या फळीला भार होत नाही. स्टेशनमास्तरांची कचेरी, कौलारू छप्पर, पाण्याची टाकी हे सारे त्यात सहज निघते. परदेशातून डब्यांत बंद होऊन येणारी प्लास्टिकची घरे आल्प्सच्या डोंगरातली असतात. ती किनवटच्या फलाटामागे उभी करणे म्हणजे जोंधळ्याच्या शेतात द्राक्षाचे मांडव घालण्यासारखे आहे.

इतके झाल्यावर खरा प्रश्न शिल्लक राहतो, तो घरातील माणसांचा. कापसाला जागा दिली म्हणून कोणी तक्रार करीत नाही, कारण तो सर्वांचा असतो. गाडी एकाची असते. ज्या फळीवर ती जावयाची, तेथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या होत्या, किंवा सासूबाईंनी जपून ठेवलेले पितळेचे डबे होते. गृहिणीला न विचारता ते खाली उतरविणारा पुरुष छंद मांडीत नाही, अतिक्रमण करतो. आणि पुष्कळ घरांतील आगगाड्या रुळाच्या दोषाने बंद पडत नाहीत, अशा न विचारलेल्या प्रश्नानेच बंद पडतात. गृहिणीने मात्र कधी एवढी फळी स्वतःसाठी मागितलेली नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तिला विचारताना ‘अमुक जागा द्या’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक जागेचे काय करू’ असे विचारावे. बरण्यांसाठी दुसरी, अधिक हाताजवळची फळी आधी करून द्यावी, मग आपली.

या बाबतीत आपली जुनी रीत पुष्कळ शिकवते. दिवाळीत अंगणात किल्ला होतो. मावळे, तटबंदी, हाळीव पेरलेले रान, सारे महिनाभर जागा अडवून बसते आणि कोणी कुरकुर करीत नाही. गणपतीच्या आराशीत चालत्या आगगाडीचा देखावा करणारी घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत. तेलुगू घरांत पायऱ्या मांडून बाहुल्यांचा ‘बोम्मल कोलुवु’ मांडतात, त्यात देवांच्या शेजारी वाण्याचे दुकान, लग्नाची वरात, शेतकऱ्याची बैलजोडी, सर्व काही असते. बोथसारख्या गावात ही दोन्ही वळणे शेजारी-शेजारी नांदतात. लहान जग घरात मांडण्याला कधी कोणी हरकत घेतली नाही, कारण ते ठराविक तिथीला येते आणि ठराविक तिथीला जाते, आणि शेजारपाजारची मुले ते पाहावयास येतात.

छंदी लोकांनी हीच युक्ती वेगळ्या नावाने काढली आहे. सबंध मांडणी एका फळीवर न करता तिचे सारख्या मापाचे तुकडे करतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी येतो, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता येतो. एन प्रमाणाच्या अमेरिकेतील हौशी मंडळींनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात असे माप ठरवून घेतले, आणि निरनिराळ्या घरांतले तुकडे एकत्र आणून सभागृहभर लांबीचे मार्ग जोडले. चार फूट लांब, एक-दीड फूट रुंद असा तुकडा एकटा मनुष्य उचलू शकतो. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, मधे पट्ट्या ठोकून पेटीसारखे उभे केले तर कपाटामागच्या वीतभर फटीत राहतात आणि आतील झाडांना धक्का लागत नाही. एका घरात इस्लापूरकडचा तुकडा, दुसऱ्या घरात किनवटचा, तिसऱ्यात आदिलाबादचा शेवटचा फलाट. आणि सुटीत एखाद्या शाळेच्या मोठ्या खोलीत तिन्ही जोडले, तर जो मार्ग एका घरात मावत नव्हता तो तीन घरांत सहज मावतो. घरात नित्य राहणारी ती भिंतीवरची फळी, आणि सणासुदीला निघणारे हे तुकडे, अशी वाटणी केली म्हणजे कापूस, बरण्या आणि गाडी यांचे भांडण बहुतांशी मिटते.

राहिला उंचीचा तंटा. फळी साडेचार फुटांवर लावली तर खालून माणसे वाकून जात-येत नाहीत, खाली पेट्या ठेवता येतात, आणि गाडी डोळ्यांच्या पातळीवर आल्याने खऱ्यासारखी दिसते. पण सहा वर्षांच्या मुलाला तिची फक्त खालची बाजू दिसते. बाजेवर बसलेल्या आजोबांनाही तेवढीच दिसते, आणि तो फलाट खरा कसा होता हे सांगू शकणारे घरात तेच एक असतात. मुलासाठी पाट ठेवता येईल. आजोबांसाठी फळी तीन फुटांवर आणावी, आणि खालच्या पेट्यांसाठी दुसरी जागा शोधावी. टाकी स्टेशनच्या कोणत्या अंगाला होती, हे विचारण्यासाठी ती त्यांच्या हाताजवळ असलेली बरी.